फॉरमॅट मारू का, ताई?

गणपतीला चार दिवस राहिले होते आणि दिवाळी अंकाची प्रुफं टेबलावर पसरली होती. सकाळी संगणक लावला तर निळा पडदा, त्यावर रडका चेहरा आणि खाली ‘क्रिटिकल प्रोसेस डाईड’. बंद करून पुन्हा लावला, पुन्हा तोच चेहरा. तिसऱ्या खेपेला सुरू झाला, पण पानं लावायचा प्रोग्राम उघडायला गेले तर एक चौकट पुढे आली : ‘बॅड इमेज’. अंकातलं एखादं चित्र बिघडलं असणार असं समजून मी अर्धा तास एकेक चित्र उघडून बघत बसले. इथे ‘इमेज’ म्हणजे चित्र नव्हे, प्रोग्रामच्या फाइलीचं मेमरीत उतरणारं रूप, हे मला संध्याकाळी कळलं. चौकटीत एका डीएलएल फाइलीचं, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या तयार तुकड्याचं, नाव होतं, आणि ती विंडोजवर चालण्यासाठी बनवलेली नाही किंवा तिच्यात दोष आहे, असा दुटप्पी खुलासा.

महेशला फोन केला. मिरजेत स्टेशन रोडला त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. तो आला आणि पिशवी जमिनीवर ठेवली. आत स्क्रू ड्रायव्हर, तीन पेन ड्राइव्ह, रंगाऱ्याचा असतो तसा ब्रश आणि शाळकरी पोरांचा खोडरबर. पडदा एकदा बघितला आणि म्हणाला, "फॉरमॅट मारू का, ताई? दोन तासांत मशीन नव्यासारखं. पाचशे रुपये."

"आधी झालंय काय ते तरी बघशील का?" दारातून आवाज आला.

वरच्या मजल्यावरच्या बाई वही घेऊनच खाली आल्या होत्या. बाईंनी एकतीस वर्षं गणित शिकवलं. शाळेत पहिले संगणक आले तेव्हा बाकीचे शिक्षक त्या खोलीकडे फिरकत नव्हते, म्हणून तिची किल्लीही बाईंकडेच आली. महेश त्यांचाच विद्यार्थी. दुकान टाकून त्याला बारा वर्षं झाली, पण बाई दिसल्या की तो अजून उभा राहतो.

"बाई, सिस्टिम फाइल करप्ट झालीय. बघायचं काय त्यात?"

"कुठली फाइल? कधीपासून? कशानं?"

"फॉरमॅट मारलं की तिन्ही प्रश्न संपतात की."

"उत्तर चुकलं तर वर्गात काय करायचास? चुकलेली पायरी शोधायचास की पान फाडायचास?"

"पान फाडायचो. खाडाखोड दिसली तर मार्क कापीन म्हणून तुम्हीच सांगायचात."

बाई हसल्या नाहीत. वहीचं पान उलटता उलटता त्यांचा हात मात्र क्षणभर थांबला.

त्यांनी चौकटीतलं नाव अक्षरन् अक्षर उतरवून घेतलं, तारीख घातली, वेळ घातली. मग महेशला म्हणाल्या, "काळी खिडकी उघड. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून. एसएफसी लाव."

एसएफसी म्हणजे सिस्टिम फाइल चेकर. एसएफसी टाइप करायचं, एक जागा सोडायची, तिरकी रेघ आणि तिला चिकटून स्कॅननाऊ. एवढीच आज्ञा. ती नेमकं काय करते, हे बाईंनी मला माझ्याच धंद्यातून समजावलं. "तू प्रूफ कशाशी ताडून बघतेस?" मी म्हटलं, मूळ प्रतीशी. "हे तसंच. विंडोजच्या फोल्डरात विनएसएक्सएस नावाचं एक कोठार असतं. विंडोजच्या फाइलींच्या मूळ प्रती तिथं ठेवलेल्या असतात. चालू असलेली फाइल जशी असायला हवी तशी नसेल, तर एसएफसी कोठारातली प्रत काढून तिच्या जागी ठेवतं."

"आणि मूळ प्रतीलाच वाळवी लागली असेल तर?"

"त्याला डिझम आहे. ते मूळ प्रत तपासतं आणि खराब निघाली तर इंटरनेटवरून, विंडोज अपडेटमधून, चांगली आणतं. खरं तर आधी डिझम आणि मग एसएफसी, असा क्रम हवा. लोक उलटं करतात."

"तुम्ही पण उलटंच केलंत की आत्ता," महेश म्हणाला.

"एसएफसीनं भागलं तर तेवढ्यावरच सोडायचं, म्हणून," बाई म्हणाल्या. मला हे काही पटलं नाही.

टक्के चढायला लागले. सहा, सात, आठ. आठवर चहा झाला.

"हे असं बसून राहायचं," महेश म्हणाला. "दुकानात पाच मशिनी रांगेत आहेत. आज्ञा लावून टक्के मोजत बसलो तर दिवसाला दोन होतील. आणि शेवटी काय येतं? निम्म्या वेळेला तर ‘कुठंच दोष आढळला नाही’. गिऱ्हाईक विचारतंय, चार तास काय केलंस? दोष नाही हे शोधलं, असं सांगून पाचशे रुपये मागू? फॉरमॅट मारलं की त्याला दिसतं. नवा वॉलपेपर येतो, मशीन पळायला लागतं. पैसे देतंय मुकाट."

हा मुद्दा बाईंना खोडता आला नाही, आणि मलाही येत नाही. शोधायला लागलेल्या वेळाचा मोबदला आपण डॉक्टरला देतो, वकिलाला देतो. संगणकवाल्याला मात्र स्क्रू फिरवल्याचेच पैसे देतो.

"मग त्या पेन ड्राइव्हवर ‘डीएलएल’ नावाचं फोल्डर कशाला ठेवलंयस?" बाईंची नजर तीक्ष्ण आहे.

महेश ओशाळला. अमुक डीएलएल सापडत नाही असा निरोप आला की त्याच नावाची फाइल कुठल्यातरी साइटवरून उतरवायची आणि विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरात नेऊन टाकायची, हा सगळीकडेच चालणारा उपाय. कधी कधी चालतोही. बाई म्हणाल्या, "हे चौकटीतलं नाव बघ. एमएसव्हीसीपी१४०. ही विंडोजची आपली फाइल नाही. व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल म्हणून एक संच असतो, त्यातली आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर तो संच फुकट मिळतो. तो अख्खा बसवायचा. रस्त्यावर सापडलेली गोळी कुणी तोंडात टाकतं का?"

"काम अडलं की टाकतंय माणूस."

"टाकतं खरं." बाई खुर्चीत मागे टेकल्या. "२००२ मध्ये आमच्या लॅबमध्ये एक ईमेल आलं होतं. तुमच्या संगणकात जेडीबीजीएमजीआर नावाची फाइल आहे का बघा, तिच्यावर अस्वलाच्या पिल्लाचं चित्र असेल. तो व्हायरस आहे, अँटिव्हायरसलाही सापडत नाही, लगेच काढा आणि सगळ्यांना कळवा. बघितलं तर खरंच फाइल होती आणि खरंच अस्वल होतं. मी तीन संगणकांवरून ती स्वतःच्या हातांनी काढली आणि निरोप पुढं दहा जणांना धाडला. ती विंडोजचीच फाइल होती. जावाच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणाऱ्यांच्या कामाची. व्हायरस असा नव्हताच. तो निरोप हाच व्हायरस, आणि तो पसरवला आम्हीच."

"म्हणजे बाई, तुम्ही पण सिस्टिम फाइली उडवल्यात?"

"म्हणून तर वही घातली," बाई म्हणाल्या.

वही बघण्यासारखी आहे. डाव्या पानावर संगणकानं दिलेला निरोप, उजव्या पानावर निघालेलं खरं कारण. दोन्ही पानं जुळतात अशा नोंदी थोड्या. एक्सपीच्या काळातली एक नोंद मला फार आवडली. डावीकडे ‘हॅल डॉट डीएलएल नाही किंवा बिघडली आहे’, उजवीकडे ‘हॅल जागेवरच. बूट डॉट आयएनआय चुकलेली.’ हॅल ही विंडोज सुरू होताना लागणारी एक फाइल, आणि बूट डॉट आयएनआय म्हणजे विंडोज कुठल्या डिस्कच्या कुठल्या भागात आहे हे सांगणारी चार ओळींची चिठ्ठी. चिठ्ठीवर पत्ता चुकीचा, म्हणून संगणक भलत्याच घरात गेला आणि तिथं हॅल दिसेना, तर ‘हॅल बेपत्ता’ म्हणून बोंब ठोकली. त्या काळी किती जणांनी हॅलची नवी फाइल आणून टाकली असेल, आणि तरी मशीन सुरू होत नाही म्हणून कपाळ बडवलं असेल.

दुसरी नोंद : ‘दर वेळी वेगळ्याच फाइलीचं नाव येतं. फाइली ठीक. रॅम.’

"ही बरोबर आहे," महेश एकदम सरसावला. "दोनदा तपासलं आणि दोनदा वेगळी फाइल निघाली, तर फाइलीकडं बघायचंच नाही. रॅम काढायची." पिशवीतला खोडरबर त्यासाठीच. रॅमच्या पट्टीची सोनेरी कड खोडरबरानं हलकी घासायची, ब्रशनं कीस झटकायचा, परत बसवायची. कुठल्याही पुस्तकात न सापडणारा आणि आपल्याकडच्या प्रत्येक दुकानात चालणारा उपाय. त्यानं आत्ताही तो केला असता, पण एसएफसी चालू होतं आणि बाई समोर होत्या.

एकतीस टक्क्यांवर वादाला पुन्हा तोंड फुटलं. बाई म्हणाल्या, "१९ जुलै २०२४ आठव. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीची एक बिघडलेली अपडेट फाइल गेली आणि जगभरातल्या सुमारे ८५ लाख विंडोज मशिनी निळ्या पडद्यावर अडकल्या. आपल्याकडे विमानतळावर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. तेव्हा काय ८५ लाख मशिनी फॉरमॅट मारल्या? सेफ मोडमध्ये जायचं, ड्रायव्हर्सच्या फोल्डरात त्यांचं फोल्डर उघडायचं, सी-०००००२९१ नं सुरू होणारी फाइल काढायची, मशीन सुरू. एक फाइल!"

"कुठली फाइल ते कंपनीनंच जाहीर केलं होतं, बाई. माझ्या दुकानात येणाऱ्या मशीनबद्दल कोण जाहीर करतंय? आणि तेव्हाही बऱ्याच मशिनींपाशी माणूस जाऊन बसावा लागला. वर डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर असेल तर ४८ आकडी किल्ली मागितली, ती शोधण्यात दिवस गेले. ज्याच्याकडं कारण माहीत असलेला माणूस आहे त्यानं फाइल काढावी. बाकीच्यांनी फॉरमॅट मारावं."

"आणि व्हायरस शिरला असेल तर?" मी मध्येच विचारलं.

"तर फॉरमॅट," बाई म्हणाल्या. महेशनं माझ्याकडं विजयी नजरेनं पाहिलं. "चोर घरात राहून गेला असेल तर नुसतं कुलूप दुरुस्त करून भागत नाही. त्यानं आणखी काय काय बदललं ते एसएफसीला सगळं दिसत नाही. तिथं याचं बरोबर."

दीड तासानं निकाल आला : बिघडलेल्या फाइली सापडल्या, पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत. बाईंनी डिझम लावायला सांगितलं. ते बासष्ट टक्क्यांवर जाऊन बसलं. तिथं ते रेंगाळतंच, असं दोघंही म्हणाले. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. पण दहा मिनिटं झाली, वीस झाली. माउस हलवला तर बाण पडद्यावर ओढल्यासारखा सरकायचा, थांबायचा.

बाई वहीत लिहीत होत्या. महेश गप्प झाला होता. तो उठला, पंखा बंद केला, गुडघ्यावर बसला आणि कान कॅबिनेटला लावला.

"ताई, जरा रेडिओ बंद करा."

मीही वाकले. आतून आवाज येत होता. टिक्. मग थोडी शांतता. टिक् टिक्. घड्याळासारखा नियमित नव्हे. कुणीतरी दार वाजवतंय, आतून कुणी उघडत नाही, म्हणून पुन्हा वाजवतंय, असा.

"डिस्क," महेश म्हणाला. "थांबवा ते, बाई."

त्यानं डिझम तोडलं. पेन ड्राइव्हवरून डिस्कची तब्येत दाखवणारा छोटा प्रोग्राम लावला. पिवळा चौकोन आणि त्यात ‘कॉशन’. खाली रकाने. डिस्कवर लिहिता-वाचता न येणारी जागा सापडली की डिस्क ती सोडून देते आणि राखीव जागेतला तुकडा तिच्या बदली वापरते. अशा बदललेल्या तुकड्यांचा आकडा मोठा होता. जे तुकडे वाचता येत नाहीत पण अजून बदललेलेही नाहीत, त्यांचा त्याहून मोठा. फाइली ज्या जमिनीवर उभ्या होत्या ती जमीनच खचत होती. संगणक मात्र सकाळपासून फाइलींचीच नावं घेत होता.

कुणीच बोललं नाही. मग बाई म्हणाल्या, "दोन तास मी हिला पळवली. मरायला टेकलेलीला."

"मी फॉरमॅट मारलं असतं तर हिच्यावरच मारलं असतं," महेश म्हणाला. "पंधरा दिवसांनी ताईंचा परत फोन. मग मी म्हटलं असतं, व्हायरस आला असेल."

"चेकडिस्क लावून बघायचं का? आर लावून? खराब जागा शोधून—"

"नाही, बाई." पहिल्यांदाच त्यानं बाईंना मध्ये तोडलं. "आर लावलं तर ती पहिल्या कोपऱ्यापासून शेवटापर्यंत सगळं वाचत बसणार. तेवढा दम हिच्यात नाही. आहे तो दम माल बाहेर काढायला वापरायचा. दुरुस्ती नंतर."

मी म्हटलं, माझं सगळं डी ड्राइव्हला आहे, सीचं काय व्हायचं ते होऊ दे. दोघांनीही माझ्याकडं एकदमच पाहिलं. डी ड्राइव्ह म्हणजे सुरक्षित, ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. विंडोज बिघडली तर सी पुसली जाते आणि डी राहते, म्हणून ती रुजली. पण सी आणि डी या बहुतेक वेळा एकाच डिस्कवर आखलेल्या दोन खोल्या. घरच बसलं तर माजघर काय आणि ओसरी काय.

महेशनं डिस्क काढली, यूएसबीच्या डबीत घातली आणि स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. "आधी काय काढू? लहान आणि जिवाचं ते आधी सांगा."

मी वडिलांच्या लेखांचं फोल्डर सांगितलं. २००३ ते २००९ मधले त्यांचे लेख, शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेले. युनिकोड आला तरी त्यांनी शिवाजी सोडला नाही. त्यांची बोटं त्याच कळांवर बसली होती. फोल्डर उतरलं. महेशनं एक फाइल त्याच्या लॅपटॉपवर उघडून दाखवली आणि माझ्या पोटात गोळा आला. पानभर इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, मध्येच टक्क्याचं चिन्ह.

"ही पण करप्ट!" मी म्हटलं.

"फाइल धडधाकट आहे," बाई म्हणाल्या. "तुझ्या वडिलांनी ‘क’ दाबला तेव्हा फाइलीत इंग्रजी अक्षरच साठलं. त्याच्यावर ‘क’चा मुखवटा चढवायचा शिवाजी फॉन्ट. मुखवटा या लॅपटॉपवर नाही."

"फॉन्ट कुठं असतो?"

"सी ड्राइव्हला. विंडोजमध्ये, फॉन्ट्सच्या फोल्डरात."

महेश खाली बघत म्हणाला, "मी डेस्कटॉप, डॉक्युमेंट आणि डी काढून ठेवतो, बाई. प्रत्येकाचं. फॉन्ट आजवर कुणाचाच काढला नाही."

बारा वर्षांत किती घरांतले लेख, पत्रं, मंडळाची इतिवृत्तं, लग्नाच्या याद्या त्या इंग्रजी कचऱ्यात अडकून पडल्या असतील, हा हिशेब त्यानं मनात केला की नाही ते मला ठाऊक नाही. त्यानं सगळं सोडून आधी फॉन्ट्सचं फोल्डर उघडलं. डिस्क टिकटिकली, अडली, पुन्हा चालली. शिवाजी फॉन्टच्या फाइली एकेक करून आल्या. त्या लॅपटॉपवर बसवल्या आणि वडिलांचं पान पुन्हा मराठी झालं.

रात्री साडेदहापर्यंत बाकीचं उतरलं. तीन फाइली वाचता आल्या नाहीत. तिन्ही जुन्या अंकाच्या जाहिरातींच्या, त्यामुळे हळहळ वाटली नाही. दुसऱ्या दिवशी महेशनं नवी एसएसडी आणून बसवली आणि तिच्यावर विंडोज नव्यानं घातली.

"म्हणजे शेवटी फॉरमॅटच झालं की, बाई."

"नव्या डिस्कवर. आणि कारण कळल्यावर."

त्यानं विंडोज घालायचे पाचशे आणि एसएसडीची किंमत घेतली. कान लावल्याचे आणि रात्री उशिरापर्यंत बसून फाइली उतरवल्याचे वेगळे द्यायला गेले तर घेईना. बाईंनी दटावलं तेव्हा घेतले. वहीत डावीकडे ‘बॅड इमेज, एमएसव्हीसीपी१४०’ होतंच. उजवीकडे बाईंनी लिहिलं : ‘डिस्क. फाइल निर्दोष. आवाज महेशनं ओळखला.’ मग पेन त्याच्या हातात देऊन म्हणाल्या, "सही कर."

वाचकांपैकी ज्यांच्या घरी शिवाजी, श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमधलं काही लिखाण पडून असेल, त्यांनी हा अंक मिटल्यावर फॉन्ट्सच्या फोल्डरातून ते फॉन्ट काढून लिखाणासकट पेन ड्राइव्हवर घ्यावेत. डी ड्राइव्हवर नव्हे.